सातबाऱ्यावर तिचं नाव : वेस्टर्न प्रेमकथेतल्या चाकोरीबाहेरच्या नायिकेची पार्श्वभूमी

१९०९ चा उन्हाळा. अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या वायोमिंगमधल्या बर्न्ट फोर्क इथे एका रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या मळ्यावर, गवताची कापणी खोळंबली होती. मालक क्लाइड स्टुअर्ट गडी शोधायला बाहेर पडला होता आणि गडी काही मिळत नव्हते. घर सांभाळायला डेन्व्हरहून आलेल्या एलिनोरने मग घोडे जुंपले, स्वतः कापणीयंत्रावर बसली आणि कामाला लागली. हे काम ती लहानपणीच शिकली होती, पण शिकल्याचं लपवून ठेवलं होतं. असली पुरुषी कामं करणाऱ्या मुलीला नवरा मिळत नाही, अशी तिला धास्ती होती. क्लाइड हात हलवत परत आला तोवर बरंचसं गवत आडवं झालं होतं.

हा प्रसंग एलिनोरने स्वतःच डेन्व्हरच्या आपल्या जुन्या मालकिणीला पत्रातून कळवला आहे. अशी तिची पत्रं आधी मासिकात छापली गेली आणि १९१४ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. हाच प्रसंग आज कुणी कादंबरीत घातला, तर नायिका ओढूनताणून आजची केली आहे, जुन्या झग्यातली नवी बाई आहे, असा शेरा येणार हे ठरलेलं. अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेत घडणारी प्रेमकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा आक्षेप ऐकावा लागतो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. तिथली चाकोरीबाहेरची बाई आधी जमिनीच्या कागदांत, मतदार यादीत, टपालखात्याच्या कंत्राटात दिसते. तिला चाकोरीत बसवण्याचं काम पुढे कादंबरीने केलं.

सुरुवात जमिनीपासूनच करायला हवी. २० मे १८६२ रोजी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर सरकारी जमीन घ्यायची, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी दोन शेजाऱ्यांची साक्ष काढून मालकीचा कागद मिळवायचा. सगळी फी मिळून साधारण १८ डॉलर. अर्जदार नागरिक असावा किंवा नागरिकत्वासाठी अर्ज केलेला असावा, आणि २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा, असं कायदा म्हणत होता. तो पुरुष असावा, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे अविवाहित मुलगी, विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्याने टाकलेली बाई जमिनीच्या कचेरीत जाऊन स्वतःच्या नावाने दावा करू शकत होती. नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला मात्र तो हक्क नव्हता. आपल्याकडे त्याच काळात जिला ‘बिचारी’ म्हणत, नेमकी तीच तिकडे १६० एकरांची मालकीण होण्यास पात्र ठरत होती.

ठिकठिकाणच्या दप्तरांचा जो अभ्यास झाला आहे त्यात साधारण दहा दाव्यांमागे एक दावा बाईच्या नावाचा सापडतो, काही भागांत त्याहून जास्त. आपल्या मानाने १६० एकर म्हणजे जहागीरच. पण वायोमिंग, मोंटाना, डाकोटा या भागांत पाऊस इतका तुटपुंजा की एवढ्या जमिनीवर एका कुटुंबाचं पोट भरायची मारामार. म्हणून पुढे १९०९ मध्ये कोरड्या भागांसाठी ही मर्यादा ३२० एकर झाली आणि १९१२ मध्ये राहण्याची अट पाच वर्षांवरून तीनवर आली. बायका फळ्यांचं खोपटं उभारत, त्यावर डांबरी कागद ठोकत आणि थंडीचे महिने काढत. दोन बहिणी किंवा मैत्रिणी शेजारशेजारचे दावे घेत आणि नेमक्या बांधावर एकच खोपटं बांधत. एकीची खाट बांधाच्या या अंगाला, दुसरीची त्या अंगाला. दोघीही कायद्याप्रमाणे आपापल्या जमिनीवर झोपत.

प्रेमकथा लिहिणाऱ्याने या कायद्याकडे नीट पाहावं असं मला कळकळीने वाटतं, कारण लग्नाचा सगळा अर्थच इथे बदलतो. नेहमीच्या कथेत लग्न म्हणजे बाईला मिळालेलं छप्पर. इथे छप्पर तिचं आधीच आहे. नायकाने मागणी घातली की तिच्या मनात प्रेमाच्या आधी तारखेचा हिशोब येतो. दाव्याच्या आधी लग्न लागलं तर हक्कच गेला. दाव्यानंतर लागलं तर जमीन राहू शकते, पण तिथे राहण्याची अट सुटत नाही. नवऱ्याचा दावा शेजारीच असला तर पेच आणखी वाढतो. नवरा-बायकोचं घर एकच धरलं जाणार, मग दोन जमिनींवर दोघं राहतात हे दाखवायचं कसं? हा पेच कुठल्याही खलनायकापेक्षा जड आहे, आणि तो खरा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. करार करून, करार मोडून आणि बंदुकीच्या जोरावर ती मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती. एकटीच्या हिमतीने उभ्या राहणाऱ्या नायिकेच्या पायाखाली कुणाची जमीन आहे, हे लेखकाला माहीत असायलाच हवं. नायिकेला ते किती कळतं, हा त्यानंतरचा प्रश्न.

आता कादंबरीकडे. स्वस्त, दहा सेंटी कादंबऱ्यांची लाट जून १८६० मध्ये सुरू झाली. त्यातली पहिलीच कादंबरी अ‍ॅन स्टीव्हन्स या बाईंची होती आणि तिची नायिका मूळ रहिवासी स्त्री होती. म्हणजे या परंपरेचा आरंभच एका बाईने, एका बाईची गोष्ट सांगून केला. पुढे १८७७ पासून त्याच स्वस्त कादंबऱ्यांत ‘कॅलॅमिटी जेन’ दिसू लागली. मार्था कॅनरी या खऱ्या बाईचं नाव आणि पुरुषी पोशाख उचलून हे पात्र रंगवलं होतं. कागदावरची जेन धाडसं करत राहिली. खरी मार्था दारिद्र्य आणि दारू यांत पिचत १९०३ मध्ये गेली.

आज ‘वेस्टर्न’ म्हटल्यावर जो साचा डोळ्यांसमोर येतो तो ओवेन विस्टरच्या १९०२ च्या ‘द व्हर्जिनियन’ या कादंबरीने पक्का केला. शूर, अबोल काउबॉय आणि पूर्वेकडून आलेली सुसंस्कृत शाळामास्तरीण मॉली वुड. तो पिस्तुलाच्या लढतीला निघतो. गेलास तर आपलं नातं संपलं, असं ती बजावते. तो जातोच. जिंकून परत येतो आणि ती सगळं विसरून त्याला बिलगते. तिच्या शब्दाची किंमत एका प्रकरणापुरती.

ही गोष्ट वायोमिंगमध्ये घडते, हे मला फार बोचतं. त्याच वायोमिंगने १० डिसेंबर १८६९ रोजी, तेव्हा तो राज्याचा दर्जा न मिळालेला साधा प्रांत होता, बायकांना मताचा हक्क दिला होता. अमेरिकेत इतर कुठल्याही प्रांतात किंवा राज्यात तोवर बायकांना असा सरसकट हक्क देणारा कायदा झाला नव्हता. तिथे पुरुषांच्या मानाने बायका फारच थोड्या होत्या आणि हक्क देण्यामागे हेतूही सरमिसळ होते. कुणाला न्यायाची चाड होती, तर कुणाला बायका येऊन वस्ती वाढावी असं वाटत होतं. पण कायदा झाला. १८७० मध्ये साउथ पास सिटी या खाणीच्या गावात एस्थर मॉरिस न्यायाधीश म्हणून बसल्या. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला लॅरमीमध्ये लुईझा स्वेन या सत्तरीला आलेल्या आजीबाई सकाळीच यीस्ट आणायला डबा घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी वाटेत मत दिलं आणि मग यीस्ट घेऊन घरी गेल्या. त्याच विधिमंडळाने शिक्षक आणि शिक्षिका यांना समान पगार देण्याचा कायदाही केला होता. म्हणजे मॉली ही मतदार होती, कायद्याने पुरुष मास्तराइतक्याच पगाराची हक्कदार होती, आणि एकटी होती म्हणून जमिनीचा दावाही करू शकत होती. यातलं काहीच कथेच्या कामी आलं नाही.

चारच वर्षांनी, १९०६ मध्ये, बी. एम. बॉवर या नावाने एक कादंबरी आली. मोंटानातली रँच, विनोदी, मनमिळाऊ काउबॉय, आणि रँचमालकाची बहीण असलेली नायिका, जी डॉक्टर आहे. कित्येक वाचकांनी बी. एम. बॉवर म्हणजे कुणीतरी पुरुष, असंच गृहीत धरलं. लेखिकेचं नाव बर्था मझी बॉवर. मोंटानातल्या बिग सँडी भागात राहिलेली, लग्नाच्या कटकटी सोसलेली, लेखणीवर स्वतःचं पोट भरायला निघालेली. पन्नासहून अधिक वेस्टर्न कादंबऱ्या तिने लिहिल्या. नायिकेच्या हातात स्टेथोस्कोप देणारी ही बाई आज विस्टरच्या शंभराव्या हिश्श्यानेही आठवली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

ही डॉक्टर नायिका काही हवेतून आलेली नव्हती, आणि इथे आपल्याला एक जवळची ओळख भेटते. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या सोहळ्याला खास इंग्लंडहून गेल्या होत्या. (रमाबाईंनी पुढे १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत पुस्तकच लिहिलं.) आनंदीबाई शरद ऋतूत मायदेशी निघाल्या, आणि त्याच सुमारास त्याच कॉलेजात नेब्रास्कातल्या ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश दाखल झाली. दोघींचं जन्मवर्ष एकच, १८६५. लहानपणी सुझनने एक आजारी म्हातारी मरताना पाहिली होती. गोऱ्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा निरोप गेले, तो आलाच नाही. १८८९ मध्ये ती वर्गात पहिली येऊन डॉक्टर झाली, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमधली पहिली स्त्री डॉक्टर, आणि आपल्याच लोकांत परतली. घोड्यावरून, बग्गीतून, बर्फातून रोग्यांच्या घरी जात राहिली.

तिच्या शिक्षणाला पैसा देणाऱ्या मंडळातल्या बायकांनी तिला एक अट घातली होती. शिक्षण चालू असताना आणि पदवीनंतरही काही वर्षं लग्न करायचं नाही. हॅम्प्टनच्या शाळेत असताना तिचं एका तरुणावर मन जडलं होतं. ते नातं तिने मागे सोडलं. अखेर १८९४ मध्ये तिने हेन्री पिकॉट याच्याशी लग्न केलं आणि लग्नानंतर, मुलं झाल्यावरही दवाखाना चालूच ठेवला. १९१३ मध्ये वॉल्टहिल इथे तिने इस्पितळ उभं केलं. होमस्टेडवालीला जमिनीसाठी जे तोलावं लागलं, तेच सुझनला विद्येसाठी तोलावं लागलं.

मधली पन्नास-साठ वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण त्यांत नवं थोडं आहे. १९२४ मध्ये ‘रँच रोमान्सेस’ हे स्वस्त कागदावरचं नियतकालिक निघालं आणि १९७१ पर्यंत चाललं. प्रेम आणि घोडे दोन्ही हवे असलेल्या वाचकांना त्याने बांधून ठेवलं. पुढे १९७० च्या दशकात ऐतिहासिक प्रेमकथांची पेपरबॅक लाट आली आणि पश्चिमेचा मुलूखही तिच्यात ओढला गेला.

खरी दारं उघडली ती १९९४ मध्ये, बेव्हर्ली जेन्किन्स यांच्या ‘नाइट साँग’ने. कॅन्सासमधलं कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव, तिथली शिक्षिका आणि कृष्णवर्णीय घोडदळातला सार्जंट. पुन्हा शिक्षिकाच, पण ही मॉली नव्हे. हिला गाव उभं करायचं आहे. गुलामी संपल्यावर दक्षिणेतून निघालेल्या लोकांनी १८७७ मध्ये वसवलेलं निकोडेमस हे खरं गाव कॅन्सासमध्ये आजही आहे. मोंटानात तर मेरी फील्ड्स होती. गुलामीत जन्मलेली ही बाई साठी ओलांडल्यावर, १८९५ मध्ये, कॅस्केड गाव आणि सेंट पीटर्स मिशन यांच्यामध्ये टपाल नेण्याचं कंत्राट मिळवते आणि आठ वर्षं ते निभावते. अशी बाई कुठल्या जुन्या वेस्टर्नमध्ये नायिका झाली होती?

सगळ्याच बंडांना पिस्तूल लागत नाही. एव्हलिन कॅमेरॉन ही इंग्रज बाई मोंटानात येऊन राहिली. काचेच्या पट्ट्यांवर तिने त्या मुलखाची छायाचित्रं काढली, वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली. दोन पाय मोकळे राहतील असा दुभागलेला घागरा तिने मागवला आणि तो घालून, दोन्हीकडे पाय टाकून, घोड्यावर ४८ मैल दौडत माइल्स सिटीला गेली. गावातल्या मुली तिच्याकडे पाहून खिदळल्या. अशा वेशात रस्त्यावर फिरलीस तर अटक होईल, असा इशाराही तिला मिळाला. एकाच बाजूला पाय टाकून बसायचं बायकांचं खोगीर तिला गुरांमागे धावायला निरुपयोगी होतं, एवढंच त्यामागचं कारण. नायिकेला पँट चढवून बंडखोर ठरवण्यापेक्षा या घागऱ्याची शिवण नीट समजून घेतली, तर बाई जास्त खरी उतरते.

आणि एलिनोर. लग्न झाल्याचं तिने जुन्या मालकिणीला वर्षभर कळवलंच नव्हतं. दावा दाखल केल्यावर थोड्याच दिवसांत, मे १९०९ मध्ये, तिने क्लाइडशी लग्न केलं होतं. म्हणजे यंत्रावर बसून ते गवत कापलं तेव्हा ती मोलकरीण नव्हती, घरधनीण होती. पत्रात मात्र क्लाइड ‘मिस्टर स्टुअर्ट’च राहिला. तिची जमीन क्लाइडच्या जमिनीला लागून होती आणि दोघांचं घर एक धरलं जाणार हा पेच तिलाही चुकला नाही. १९१२ मध्ये तिने दावा सोडून दिला आणि ती जमीन सासूच्या, रूथ स्टुअर्टच्या, नावाने घेतली गेली. दोन वर्षांनी पुस्तक आलं. बाईने एकटीने जमीन घ्यावी, कष्ट करावेत, कपडे धुण्याच्या टबापाशी जेवढं राबते तेवढंच इथे राबावं आणि स्वतःचं घर करावं, असं त्यात ती शहरातल्या कष्टकरी बायकांना जीव तोडून सांगते आहे.