'मिशन राणीगंज'च्या आधीचं पाणी

अक्षय कुमारचा 'मिशन राणीगंज' 6 ऑक्टोबर 2023 रोजी पडद्यावर आला. 1989 साली राणीगंजच्या खाणीत अडकलेल्या कामगारांना पोलादी कॅप्सूलमधून वर काढणाऱ्या अभियंते गिल यांची ही गोष्ट. सुरुवातीला त्याचं नाव 'कॅप्सूल गिल' ठरलं होतं. मला तेच जास्त आवडलं असतं. माणूस आणि त्याचं यंत्र, दोन्ही त्यात आले होते.

पश्चिम बंगालमधला राणीगंजचा पट्टा म्हणजे देशातल्या कोळसाखाणींची सुरुवात. इथे 1774 पासून खोदकाम सुरू आहे. 1830 च्या दशकात द्वारकानाथ टागोरांनीही इथली खाण घेतली होती. खासगी मालक येत गेले, सोयीचा कोळसा काढून पुढे सरकत गेले. 1970 च्या दशकात राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सरकारच्या हाती खाणींबरोबर जमिनीखालच्या कितीतरी जुन्या पोकळ्याही आल्या. या पोकळ्यांत पाणी साठतं. नकाशा अपुरा असला, की शेजारी सुरुंग लावणाऱ्याला मधली भिंत किती जाड आहे हे कळत नाही.

धनबादजवळच्या चासनाला खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी असंच साठलेलं पाणी घुसलं आणि सुमारे 375 कामगार गेले. पहिले मृतदेह हाती यायलाही आठवडे लागले. 1979 चा 'काला पत्थर' याच दुर्घटनेवरून सुचलेला. म्हणजे हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकाने खाणीत शिरणारं पाणी चाळीसेक वर्षांपूर्वीच पाहिलं होतं.

13 नोव्हेंबर 1989 च्या रात्री राणीगंजच्या महावीर खाणीत पुन्हा तेच झालं. सुरुंगाने भिंत फुटली. लिफ्टजवळचे कामगार वर आले, 71 जण मागे राहिले; त्यातले सहा बुडाले. उरलेले 65 पाण्याच्या पलीकडे, जरा उंचावरच्या भागात अडकले. ईस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचे अभियंते जसवंतसिंग गिल यांनी सुचवलं, की थेट त्यांच्या डोक्यावर नवं भोक पाडायचं, साधारण 22 इंच रुंदीचं, आणि त्यातून माणूस उभा मावेल अशी पोलादी कॅप्सूल सोडायची.

कल्पना तशी कोरी नव्हती. जर्मनीत डालबुश खाणीत 1955 साली अशाच अरुंद नळकांड्यातून तिघांना वर काढलं होतं, आणि 1963 मध्ये लेंगेडेला अकरा जणांना. पण राणीगंजला ते यंत्र तयार नव्हतं. घाईघाईत जवळच्या कारखान्यात घडवलेल्या कॅप्सूलमधून पहिल्यांदा उतरायचं कोणी, हा खरा प्रश्न होता. गिल स्वतः उतरले. 16 नोव्हेंबरला सकाळपर्यंत 65 च्या 65 वर आले आणि शेवटी ते. चित्रपटाला मात्र एवढ्यावर भागलं नाही, त्याला आडवं येणारे अधिकारीही लागले. पाणी पुरेसं खलनायक होतं, असं मला वाटत राहिलं.

1991 मध्ये गिल यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. 2019 मध्ये अमृतसरला ते वारले. चित्रपट त्यांना पाहता आला नाही.

दरम्यान 2 फेब्रुवारी 2001 रोजी झरिया भागातल्या बागडिगी खाणीत पुन्हा जुन्या पोकळीचं पाणी शिरलं आणि 29 जण गेले. त्यावरचा हिंदी चित्रपट माझ्या तरी पाहण्यात नाही.