शेजारच्या सीटवरून दिसते ते

सकाळची गोळी घेतली की नाही हे ज्यांना आठवत नाही, तेच आजोबा गाडीत बसले की न चुकता आरसा नीट करतात, क्लच दाबून पहिला गिअर टाकतात आणि झोकात गाडी बाहेर काढतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘बाकी काही असो, गाडी अजून पहिल्यासारखीच चालवतात!’

हा दिलासा फसवा आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला बसलेली कामे बेसल गँगलिया (मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशीसमूह) आणि लहान मेंदू यांच्या आधाराने चालतात. अल्झायमर हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्याची झळ आधी लागते ती नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला, मग जागेचे भान, लक्ष आणि निर्णय सांभाळणाऱ्या भागांना. त्यामुळे गिअर बरोबर पडतो, चुकतो तो रस्त्याचा अंदाज.

समोरून येणारी वाहने ओलांडून वळायचे आहे असे धरा. येणाऱ्या गाडीचा वेग किती, अंतर किती, आपल्याला वळायला किती वेळ लागेल, तेवढ्यात कुणी पायी रस्ता ओलांडतोय का, हे सगळे एकदम तोलावे लागते. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे येते. विचाराला दोन सेकंद जास्त लागले, तर तेवढ्यात ती तेहेतीस मीटर जवळ आलेली असते.

लक्षाची ही कसरत कागदावरही दिसते. ‘ट्रेल मेकिंग’ चाचणीच्या दुसऱ्या भागात विखुरलेले आकडे आणि अक्षरे आळीपाळीने जोडायची असतात: 1 वरून अ, अ वरून 2, 2 वरून ब. ज्याचे लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर पटकन वळत नाही, त्याची पेन्सिल 3 वरून अक्षर सोडून सरळ 4 कडे धावते. तीन मिनिटांत हे जमले नाही, तर डॉक्टर सावध होतात. तरी कागदावरच्या गुणांवर निकाल लावू नये. जाणकार परीक्षक शेजारी बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर घेतलेली चाचणी जास्त भरवशाची.

डिमेन्शियाचे निदान झाले की त्याच दिवशी किल्ली काढून घ्यायची का? अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 मध्ये पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा काही अभ्यासांत सौम्य डिमेन्शियाचे 76 टक्क्यांपर्यंत रुग्ण रस्त्यावरच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले आढळले. एक गट म्हणून मात्र त्यांचा धोका स्पष्टपणे जास्तच होता. शिवाय आजार वाढत जातो, म्हणून आज उत्तीर्ण झालेल्याची सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी हवी.

त्याच आढाव्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ‘मी नीट चालवतो’ या रुग्णाच्या शब्दाचा उपयोग होत नाही. ‘आता भीती वाटते’ हे जवळच्या माणसाचे म्हणणे मात्र गांभीर्याने घ्यावे. रुग्ण खोटे बोलत नसतो. आपले काही चुकते आहे ही जाणीवच आजाराने नेलेली असते.

म्हणून शेजारच्या सीटवर बसा आणि बघा. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते का, गाडीवर नवे ओरखडे दिसतात का. आणि स्वतःकडेही बघा: ‘ब्रेक दाबा’, ‘सिग्नल लाल आहे’ असे सारखे सांगावे लागत असेल, तर अर्धी गाडी तुम्हीच चालवताय. डिमेन्शियाच्या अल्झायमरखेरीज इतर प्रकारांत खुणा बदलतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात आवर सुटतो, सिग्नल मोडला तरी काही वाटत नाही. लेवी बॉडी प्रकारात रस्त्यावर नसलेली माणसे दिसू शकतात.

गाडी सुटणे सोपे नाही. गाडी बंद झालेल्या वृद्धांत नैराश्याची लक्षणे जवळजवळ दुपटीने आढळतात. तेव्हा डॉक्टरकडे, बाजारात, मित्रांकडे कोण नेणार हे किल्ली मागण्याआधी ठरवलेले बरे. ‘नको’ हा शब्दही मुलांच्या तोंडून येण्यापेक्षा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आलेला चांगला. काल घातलेली समजूत आज आठवत नाही आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अशा वेळी आवाज न चढवता ती चिठ्ठी पुढे करता येते.