अ‍ॅनिमेचा शेवट घाईत का गुंडाळला जातो : पार्श्वभूमी

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन. त्यातली एखादी मालिका दहा भाग सावकाश उलगडत जाते आणि शेवटच्या दोन भागांत अचानक पळू लागते. खलनायक बोलता बोलता संपतो, मधली पाच वर्षे निवेदनाच्या एका वाक्यात निघून जातात, जिची वाट पाहिली ती भेट स्थिरचित्रात उरकते. लेखक-दिग्दर्शकांनी हात टेकले, असे प्रेक्षकाला वाटते. खरे कारण बहुधा त्यांच्या हाताबाहेरचे असते : भागांची संख्या कथेला विचारून ठरत नाही.

१ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू झाली आणि आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग ही चौकट जपानी दूरचित्रवाणीवर रुजली. वाहिन्यांचे वेळापत्रक तिमाहीवर चालते. एका तिमाहीत १२ ते १३ भाग बसतात. या हप्त्याला जपानमध्ये ‘कूर’ म्हणतात. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की साधारण २४ मिनिटे उरतात. सुरुवातीचे आणि शेवटचे गाणे प्रत्येकी ९० सेकंदांचे. मागील भागाची उजळणी आणि पुढच्याची झलकही याच वेळेतून जाते, म्हणजे कथेच्या वाट्याला येतात जेमतेम २० मिनिटे. एका कूरमध्ये चार तास, बस्स.

जुन्या काळी ही संख्या मध्येच कापली जाई. १९७४ची ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ३९ भागांची ठरली होती. प्रेक्षकसंख्या कमी म्हणून ती २६ भागांत आटोपली. पृथ्वीपासून १,४८,००० प्रकाशवर्षे दूर जायचे आणि वर्षभरात परत यायचे, ही तिची कथा. जाताना दोन डझन भाग लागले, परतीचा सगळा प्रवास मात्र शेवटच्या एकाच भागात झाला. १९७९च्या ‘मोबाइल सूट गंडम’चेही तेच झाले. ५२ भागांची योजना ४३ वर थांबली, कारण पैसा प्रायोजक खेळणी कंपनीचा होता. पुनःप्रक्षेपणानंतर आणि १९८० मध्ये बाजारात आलेल्या प्लॅस्टिक मॉडेलांमुळे गंडम प्रचंड लोकप्रिय झाली, पण कापलेले भाग त्यामुळे परत आले नाहीत.

‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’मध्ये (१९९५-९६) २६ ही संख्या पाळली गेली, कोलमडले ते निर्मितीचे वेळापत्रक. म्हणूनच २५व्या आणि २६व्या भागांत स्थिरचित्रे, आधीच्या भागांतली दृश्ये, पडद्यावरची अक्षरे आणि पेन्सिलची कच्ची रेखाटनेही दिसतात. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी त्या तुटवड्यातून पात्रांच्या मनात शिरण्याची वाट काढली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तरी बाहेरच्या जगात काय घडले हे जुलै १९९७च्या चित्रपटातच कळले.

मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेल्या मालिकांची अडचण निराळी. मांगा चालू असताना मालिका तिच्या पुढे निघाली, तर भरीचे भाग घालायचे किंवा स्वतःचा शेवट रचायचा. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ने २००३ मध्ये दुसरा मार्ग घेतला आणि ५१ भागांत वेगळीच कथा नेटकी पूर्ण केली. मूळ मांगा २०१० मध्ये संपली. तिच्याशी प्रामाणिक असलेली ६४ भागांची नवी मालिकाही त्याच वर्षी पूर्ण झाली. अशी दुसरी संधी फार थोड्यांना मिळते.

सर्वांत जास्त जिव्हारी लागते ते ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चे प्रकरण, कारण तिथे मजकूर हाताशी होता. १८१ प्रकरणांची मांगा जून २०२० मध्ये संपली होती आणि दुसरा सीझन आला जानेवारी २०२१ मध्ये. पहिल्या सीझनने १२ भागांत सुमारे ३७ प्रकरणे घेतली होती, म्हणजे भागाला तीन. उरली १४४ आणि दुसऱ्या सीझनला भाग मिळाले ११. हिशेब भागाला तेरा प्रकरणांवर जातो. एका प्रकरणाची सरासरी १९ पाने धरली तर पहिल्या सीझनमध्ये मिनिटाला तीन पाने पडत होती, दुसऱ्यात सगळे घ्यायचे तर बारा. बारा पाने मिनिटाला हा चाळण्याचा वेग झाला. मग काटछाट अटळ होती. पण नेमका ‘गोल्डी पॉन्ड’ हा आर्क (कथेचा सलग टप्पा) आणि युगोसारखे पात्र गेले, ज्यांच्यावर पुढच्या निर्णयांचे वजन उभे होते. अखेरचा मोठा प्रवास शेवटच्या काही मिनिटांत चित्रमालिकेसारखा सरकला. पहिल्या सीझनचा संयम ज्यांनी अनुभवला, त्यांची निराशा अगदी रास्त आहे.

कोणत्या भागात किती प्रकरणे घ्यायची ही वाटणी ‘सिरीज कंपोझिशन’, म्हणजे सगळ्या मालिकेची आखणी, सांभाळणारा लेखक करतो. सर्वसाधारणपणे भागाला दोन ते तीन प्रकरणे पेलतात. पाचच्या पुढे गेले की आधी शांत प्रसंग गळतात, मग पात्रांची मनोगते, मग दुय्यम पात्रे. मारामारी शेवटपर्यंत टिकते, कारण जाहिरातीत तीच दिसते. म्हणून घाईतल्या भागांत लढाया असतात आणि त्यांची कारणे नसतात. नवा सीझन जाहीर झाला की भागांची संख्या आणि उरलेली प्रकरणे यांचा भागाकार करून पाहावा. त्यातून पुष्कळ काही आधीच कळते.

भागांची संख्या आधी ठरण्यामागे पैशाची रचना आहे. १९९० च्या दशकापासून प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी आणि खेळणी उत्पादक मिळून निर्मिती समिती नेमू लागले. प्रकाशकाच्या दृष्टीने मालिका ही बरेचदा पुस्तकांची जाहिरात असते. प्रेक्षक पुढचे वाचायला दुकानात गेला की तिचे काम झाले. स्टुडिओ पुष्कळदा या समितीत नसतो, ठरलेल्या रकमेवर ठरलेले भाग करून देतो. त्याला जादा भाग मागता येतो, मिळवता मात्र येत नाही.

अलीकडे काही निर्मात्यांनी तिमाहीची चौकटच सोडली आहे. ‘डीमन स्लेयर’चा अंतिम संघर्ष तीन चित्रपटांत विभागला आहे आणि जुलै २०२५ मध्ये आलेला त्यातला पहिलाच १५५ मिनिटांचा आहे.