अतिसंपत्तीचा वाद आणि ‘उत्पन्न’ या शब्दाचा गुंता

एकाच व्यक्तीच्या नावावर शेकडो अब्ज डॉलर असणे न्याय्य आहे का, आणि त्यातून समाजाचे भले होते का, हा वाद नीतीच्या भाषेत लढवला जातो. प्रत्यक्षात त्याचे बरेचसे पारडे ‘उत्पन्न’ या एका शब्दाच्या अर्थावर हलत आले आहे. अतिश्रीमंतांची संपत्ती मुख्यतः कंपन्यांच्या शेअरमध्ये असते. भाव वाढला की ते आणखी श्रीमंत होतात, पण शेअर विकेपर्यंत ती वाढ बहुतेक देशांत करपात्र उत्पन्न ठरत नाही.

धनिक हा समाजाच्या पैशाचा विश्वस्त असतो, असे १८८९ मध्ये अमेरिकेतील एका पोलाद उद्योगपतीने लिहिले आणि श्रीमंत म्हणून मरणे लाजिरवाणे ठरवले. त्याच लेखात त्याने जबर वारसा कराची बाजू घेतली होती, हे त्याचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत. तीनच वर्षांनी त्याच्या कारखान्यात मजुरीकपातीवरून झालेल्या संघर्षात माणसे मेली, हेही नाही.

अमेरिकेत १८९५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवलेला प्राप्तिकर १९१३ च्या घटनादुरुस्तीने परत आला. पुढे १९१६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका तेल कंपनीने साठलेल्या नफ्यातून दोन शेअरमागे एक बोनस शेअर दिला. एका भागधारक महिलेकडे २,२०० शेअर होते, तिला आणखी १,१०० मिळाले. त्यांपैकी १९१३ नंतरच्या नफ्यातून आलेला भाग, म्हणजे दर्शनी किमतीने १९,८७७ डॉलर, हे तिचे उत्पन्न मानून कर आकारला गेला. तिने तो भरला आणि परत मागितला. मार्च १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. भांडवल हे झाड आणि उत्पन्न हे फळ, या जुन्या उपमेचा आधार घेत बहुमताने म्हटले की, कंपनीच्या मालमत्तेतून वेगळे होऊन काही हातात पडल्याखेरीज उत्पन्न झाले असे म्हणता येणार नाही. कंपनीने रोख लाभांश देऊन त्याच पैशातून शेअर घेण्याची मुभा दिली असती तर परिणाम तोच झाला असता आणि कर मात्र लागला असता, याकडे अल्पमताने बोट दाखवले.

बोनस शेअरपुरता हा निकाल चुकीचा म्हणता येत नाही. आधी त्या महिलेचा कंपनीत जितका हिस्सा होता तितकाच नंतरही राहिला. ती श्रीमंत झाली होती ती कंपनीला नफा झाला तेव्हा, शेअरचे नवे कागद हाती आले तेव्हा नव्हे. मात्र एवढ्याशा प्रश्नाचे उत्तर देताना न्यायालयाने जे व्यापक तत्त्व सांगितले, त्याच्या आडोशाला पुढे शतकभराची भाववाढ निर्धास्त राहिली. त्यात १९२१ च्या कायद्याने भर घातली. करासाठी नफा मोजताना, मालक वारला की शेअरची मूळ खरेदी किंमत पुसली जाते आणि मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव तिची जागा घेतो. त्यामुळे शेअर विकायचेच नाहीत, तारण ठेवून कर्जावर खर्च भागवायचा आणि उरलेले वारसांच्या हाती सोपवायचे, ही वाट पूर्णपणे कायदेशीर ठरली. प्राप्तिकराचा कमाल दर १९४४ मध्ये ९४ टक्के होता आणि १९८८ पर्यंत तो २८ टक्क्यांवर आला, हे आकडे दोन्ही बाजू हिरिरीने फेकतात. परंतु न विकलेल्या शेअरची भाववाढ ९४ टक्क्यांच्या काळातही या कराबाहेरच होती. तिला गाठू शकणारा वारसा कर १९४१ ते १९७६ या काळात कमाल ७७ टक्के होता, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

समाजाच्या लाभाबद्दल सर्वाधिक सांगितला जाणारा आकडा २००४ चा आहे. १९४८ ते २००१ या काळात नव्या तंत्रज्ञानातून अमेरिकेत निर्माण झालेल्या मूल्यापैकी जेमतेम २.२ टक्के उत्पादकांकडे राहिले, बाकीचे ग्राहकांकडे गेले, असा एका अर्थशास्त्रज्ञाचा अंदाज होता. युक्तिवाद वजनदार आहे. पण ही सरासरी आहे आणि ती नवनिर्मितीची आहे. मक्तेदारीतून किंवा वारशातून आलेल्या संपत्तीबद्दल ती काहीच सांगत नाही.

थेट संपत्तीवर कर लावणारे विकसित देश १९९० मध्ये बारा होते, २०१७ मध्ये चार उरले. जर्मनीत तो तत्त्वावर पडला नाही, मोजदादीवर अडकला: घरे आणि जमिनी जुन्या मूल्यांकनाने, तर रोखे बाजारभावाने मोजले जातात, ही विषमता तेथील घटनात्मक न्यायालयाने १९९५ मध्ये अमान्य केली आणि १९९७ पासून आकारणी थांबली. मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटापुढे २०२४ मध्ये आलेल्या प्रस्तावात जगातील सुमारे तीन हजार अब्जाधीशांकडून संपत्तीच्या किमान २ टक्के कर घ्यावा असे होते. अपेक्षित वसुली वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर होती.

त्याच वर्षी जूनमध्ये १९२० चा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे पुन्हा आला. भारतात शेतीची अवजारे पुरवणाऱ्या एका कंपनीत एका जोडप्याने पैसे गुंतवले होते आणि लाभांशापोटी एक पैही न मिळता त्यांच्यावर कर लागला होता. सात विरुद्ध दोन मतांनी तो कर वैध ठरला. कंपनीच्या हाती आलेले उत्पन्न भागधारकांचे मानता येते, एवढेच बहुमताने म्हटले आणि नुसत्या भाववाढीवर कर लावता येतो का, हा प्रश्न मुद्दाम मोकळा ठेवला. जोडप्याने भरलेला कर सुमारे १५ हजार डॉलर होता.