एलिटसेरिएन २००४–०५

स्वीडनच्या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा हा ३०वा हंगाम. ‘एलिटसेरिएन’ हे तेव्हाचे नाव. २०१३ पासून ही लीग एसएचएल म्हणून ओळखली जाते. सप्टेंबर २००४ ते एप्रिल २००५ या काळात १२ संघांनी साखळीत प्रत्येकी ५० सामने खेळले आणि पहिले आठ बाद फेरीत गेले. फ्रोलुंडा (गोथेनबर्ग) विजेता ठरला.

हा हंगाम गाजला तो मात्र अमेरिकेतल्या भांडणामुळे. खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा असावी की नाही, यावरून एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) संघमालकांनी १६ सप्टेंबर २००४ पासून टाळेबंदी लागू केली. पुढे तिथला अख्खा हंगामच रद्द झाला. रिकामे बसलेले खेळाडू युरोपात पांगले, आणि स्वीडनच्या वाट्याला त्यांतले बरेच आले. मोरासारख्या छोट्या गावच्या संघात मारियन होसा आला, तर फॅरयेस्टाडच्या बचावफळीत सहा फूट नऊ इंच उंचीचा झ्देनो खारा उभा राहिला.

सगळ्यांच्या नजरा उर्नशोल्ड्सविकच्या मोडो या संघावर होत्या. उर्नशोल्ड्सविक हे जेमतेम तीस हजार वस्तीचे गाव. पीटर फोर्सबर्ग, मार्कुस नॅस्लुंड आणि डॅनियल व हेन्रिक हे सेडिन जुळे भाऊ, हे एनएचएलचे खेळाडू सारे इथलेच. चौघेही घरच्या संघाकडून उतरले. कागदावर याहून भारी संघ शोधून सापडला नसता. प्रत्यक्षात मोडोचा गाशा उपांत्यपूर्व फेरीतच गुंडाळला गेला.

फ्रोलुंडाकडेही परतलेला एक तारा होता. एनएचएलमधल्या ओटावा संघाचा तेव्हाचा कर्णधार डॅनियल आल्फ्रेडसन याने बाद फेरीच्या १४ सामन्यांत १२ गोल केले. तरी हंगाम खऱ्या अर्थाने गाजवला तो गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्टने. एनएचएलच्या न्यूयॉर्क रेंजर्स संघाने २००० च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला थेट सातव्या फेरीत, २०५व्या क्रमांकावर घेतले होते. म्हणजे फारशी आशा न ठेवताच. या बाद फेरीत दर ६० मिनिटांमागे त्याने सरासरी १.०५ गोल स्वीकारले, आणि सहा सामन्यांत तर चकती एकदाही जाळ्यात जाऊ दिली नाही. समोर नेमबाज एनएचएलचे होते, हे लक्षात घेतले तर ही कामगिरी आणखी मोठी वाटते. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला गेला.

अंतिम फेरीत फ्रोलुंडाने फॅरयेस्टाडला सामन्यांच्या मालिकेत ४–१ असे हरवून १९६५ आणि २००३ नंतरचे तिसरे विजेतेपद मिळवले. फॅरयेस्टाडचे नशीबच खोटे: २००३ मध्ये फ्रोलुंडा, २००४ मध्ये एचव्ही ७१ आणि आता पुन्हा फ्रोलुंडा, असा अंतिम फेरीतला त्यांचा हा सलग तिसरा पराभव. पुढल्या वर्षी मात्र ते जिंकले.

तळाच्या दोन संघांना खालच्या श्रेणीतल्या चार संघांशी पात्रता साखळी खेळावी लागे. तीतून ब्रिनेस तरला, माल्मो खाली घसरला आणि त्याची जागा लेक्सांडने घेतली.