एक मिलिग्रॅम एनपीवाय: कुपीपासून पेशीपर्यंत

भूक लागली की मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी एक छोटं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची लहान साखळी, जास्त प्रमाणात बनवू लागतात. त्याचं नाव न्यूरोपेप्टाइड वाय, प्रयोगशाळेच्या बोलीत एनपीवाय. १९८२ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काझुहिको तातेमोतो आणि व्हिक्टर मुट यांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. दोनच वर्षांत दिसून आलं की उंदराच्या मेंदूत ते टोचलं तर पोट भरलेला उंदीरही पुन्हा खायला लागतो. मग कळलं की हे पेप्टाइड फक्त मेंदूत राहत नाही. सिंपथेटिक चेतातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिनसोबत ते रक्तवाहिन्या, चरबी आणि प्लीहेपर्यंत पोचतं. म्हणूनच लठ्ठपणा, मधुमेह आणि दाह या तिन्हींवर काम करणाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये कृत्रिम मानवी एनपीवायची कुपी सापडते.

ही कुपी स्वस्त नसते. नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या प्रयोगशाळेत ती पोचते, तेव्हा त्यामागे महिनोन्महिने रखडलेला निधी असतो. आणि प्रयोग बहुतेक वेळा फसतो तो कुपी ते पेशी या वाटेवरच.

एनपीवायमध्ये ३६ अमिनो आम्लं असतात. घनाधारित पद्धतीने, म्हणजे रेझिनच्या बारीक मण्यांवर, ती शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक करून जोडतात. ही पद्धत मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडली आणि तिला १९८४ चं नोबेल मिळालं. जोडायचे बंध ३५. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाली तरी अखेरीस पूर्ण साखळ्या उरतात सुमारे ७० टक्के; ९८ टक्क्यांवर घसरली तर निम्म्याहूनही कमी. बाकीच्या अर्धवट साखळ्या एचपीएलसीने, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या यंत्राने, बाजूला कराव्या लागतात. साखळीचं शेवटचं टोक अमाइड स्वरूपातच हवं. ते साधं आम्ल राहिलं तर ग्राहकरेणू, म्हणजे पेशीवरचे संदेश टिपणारे रेणू, पेप्टाइडला नीट धरत नाहीत. कुपीसोबतच्या कागदावर हे आधी तपासा.

त्याच कागदावर ‘शुद्धता ९५ टक्के’ असं छापलेलं असतं, आणि सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. हा आकडा पेप्टाइडजन्य पदार्थांपैकी किती हिस्सा खरं एनपीवाय आहे एवढंच सांगतो. पावडरीच्या वजनात शुद्धीकरणातून चिकटून राहिलेलं ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल आणि पाणीही असतं. मानवी एनपीवायचं रेणुवस्तुमान सुमारे ४२७२ डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक). त्यात आम्ल धरणाऱ्या जागा सात: चार आर्जिनिन, एक लायसिन, एक हिस्टिडिन आणि सुरुवातीचं टोक. प्रत्येक जागेवर ११४ डाल्टनचा एक आम्लरेणू बसला, तर पाणी न धरताही वजनाचा जवळपास सहावा हिस्सा पेप्टाइड नसतोच. १ मिलिग्रॅम पावडरीतून १ मिलिमोलार द्रावण करायला कागदी गणित २३४ मायक्रोलिटर सांगतं. खरं उत्तर १९७ च्या आसपास किंवा त्याहून कमी येतं. खात्री करायची सोपी युक्ती आहे. या साखळीत ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसिन पाच आहेत, त्यामुळे २८० नॅनोमीटरवर १०० मायक्रोमोलार द्रावणाचं शोषण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (प्रकाश मोजायच्या पारदर्शक नळीत) साधारण ०.७५ यायला हवं. कुपीवरच्या आकड्यापेक्षा या मापावर भरवसा ठेवा.

अशी पावडर आंतरजालावर ‘संशोधनासाठी’ म्हणून विकली जाते आणि काहीजण ती स्वतःला टोचूनही घेतात. ती निर्जंतुक नसते, माणसासाठी तपासलेली नसते. ती शरीरात कधीही घालू नये.

मराठवाड्यात हवामानाचंही भान ठेवावं लागतं. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर असताना पार्सल दिवसभर कुरिअरच्या गोदामात पडून राहायला नको, म्हणून माल आठवड्याच्या सुरुवातीलाच मागवा. उणे २० अंशांतून काढलेली कुपी लगेच उघडू नका. डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्यात, तासभर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ऑगस्टच्या दमट हवेत थंड कुपी उघडली की पावडर ओल शोषते आणि पुढचं प्रत्येक वजन चुकतं. विरघळवायला निर्जंतुक पाणीच घ्या, आणि ते एंडोटॉक्सिन या जिवाणूंच्या आवरणातल्या विषापासूनही मुक्त हवं. डीएमएसओ हा नेहमीचा द्रावक टाळा, कारण मानवी एनपीवायच्या १७व्या जागेवर मेथायोनिन असतं आणि त्याचं ऑक्सिडेशन होऊ शकतं. तसं झालं तर मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या चाचणीत, वस्तुमान १६ डाल्टनने वाढलेलं दिसतं. डुकराच्या एनपीवायमध्ये त्या जागी ल्युसिन असतं, म्हणून जुन्या प्रयोगांत ही अडचण दिसत नाही.

द्रावण २० मायक्रोलिटरच्या छोट्या हिश्श्यांत भरून गोठवा आणि प्रत्येक हिस्सा एकदाच वापरा. वीज गेली की फ्रीजर उघडायचा नाही, हा नियम दारावरच लिहून चिकटवा. नॅनोमोलारपर्यंत पातळ करताना पेप्टाइड नळीच्या भिंतीला चिकटतं. कमी चिकटणाऱ्या नळ्या आणि ०.१ टक्का बोवाइन अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं प्रथिन) वापरलं तर हे नुकसान बरंच टळतं.

आता पेशी. माणसात एनपीवायचे मुख्य ग्राहकरेणू वाय-१, वाय-२, वाय-४ आणि वाय-५. हे सगळे पेशीतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारा छोटा रेणू, खाली आणतात. पण विश्रांतीतल्या पेशीत ते आधीच कमी असतं, त्यामुळे नुसतं एनपीवाय टाकून मोजलं तर काहीच दिसत नाही आणि माल खराब निघाला असं वाटतं. आधी फोर्स्कोलिनने सायक्लिक एएमपी वाढवा, मग एनपीवाय ते किती खाली खेचतं ते मोजा. फोर्स्कोलिन येतं ते भारतातच वाढणाऱ्या एका कोलियस वनस्पतीच्या मुळांतून.

पेशी वाढवायच्या माध्यमात सीरम (रक्तद्रव) असेल तर वेगळीच गडबड होते. सीरममधलं डीपीपी-४ हे विकर (एन्झाइम) साखळीच्या सुरुवातीची दोन आम्लं कापतं. उरलेला तुकडा वाय-१ ला जवळपास ओळखत नाही. वाय-२ आणि वाय-५ वर मात्र काम करत राहतो. तुम्ही एका रेणूची मात्रा मोजत असता आणि पेशीला दुसराच मिळत असतो! गावोगावचे मधुमेही ज्या सिटाग्लिप्टिनच्या गोळ्या घेतात, त्या याच विकराला अडवतात. प्रयोगात शुद्ध सिटाग्लिप्टिन घाला, गोळी कुटून नाही, आणि पेशींच्या प्लेटमधल्या एका वाटीत फक्त सिटाग्लिप्टिन ठेवून तुलना करा.

दाहाच्या प्रयोगांत आणखी जपावं लागतं. टी-पेशी या प्रतिकारपेशींना वाय-१ आवर घालतो, पण त्यांना प्रतिजन (परक्या पदार्थाचे तुकडे) दाखवणाऱ्या पेशींना नीट काम करायला तोच वाय-१ लागतो. हा दुहेरी स्वभाव २००५ मध्ये उंदरांत दाखवला गेला. त्यामुळे मिश्र पेशींवरून एनपीवाय दाह वाढवतं की शमवतं, असा निकाल देता येत नाही. पेशींचे प्रकार वेगळे करा आणि वाय-१ रोखणारं बीआयबीपी-३२२६ वापरून परिणाम पुसला जातो का ते पाहा. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी तर एंडोटॉक्सिनच्या सूक्ष्म मात्रेनेही भडकतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यापासून केलेलं डिस्टिल्ड पाणी कॅनमध्ये चार दिवस राहिलं, तर त्यात जिवाणू वाढतात. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन मात्र तसंच उरतं. काचेची भांडी २५० अंशांवर ३० मिनिटं तापवा आणि एका वाटीत एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी घाला. त्या वाटीत दाह ओसरला, तर तो बहुधा एनपीवायमुळे नव्हताच, पाण्यामुळे होता.