स्वतःलाच पाकीट पोस्ट केलं म्हणजे कॉपीराइट झाला?

नवीन गाणं बनवलं की त्याची सीडी नाहीतर नोटेशन पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं, आलं की फोडायचं नाही, झाला कॉपीराइट, हे कितीतरी वर्षं एकमेकांना सांगितलं जातंय आणि ते चूक आहे. अहो, कॉपीराइट पोस्टाच्या शिक्क्याने मिळतच नाही! चाल तुम्ही फोनवर रेकॉर्ड केली किंवा कागदावर उतरवली की त्याच क्षणी हक्क तुमचा. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ सालीच ठरलंय की हक्कासाठी कुठलीही औपचारिकता लागणार नाही, आणि आज जवळपास १८० देश त्या करारात आहेत.

मग निदान पुरावा म्हणून तरी? तिथेही पाकीट लंगडंच पडतं, कारण कोणीही आज रिकामं, न चिकटवलेलं पाकीट पोस्ट करून दोन वर्षांनी त्यात काहीही घालून बंद करू शकतो आणि समोरचा वकील हेच पहिलं विचारणार. अमेरिकेत तर तिथल्या गाण्यासाठी कोर्टात जायच्या आधी रजिस्ट्रेशन लागतंच, पाकीट चालत नाही.

त्यापेक्षा कच्चे ड्राफ्ट, प्रोजेक्ट फाइल्स, सहकलाकारांशी झालेले ईमेल जपून ठेवा, आणि जिथे सोय आहे तिथे रजिस्ट्रेशन करून टाका.